वाळूवर पडलेला वाटा

मी परदेशी जाऊन आलेला माणूस आहे. चारचौघांत हे सांगायची सोय नाही, कारण लोक लगेच विलायतेतल्या थंडीबद्दल विचारतात आणि मला दिवेआगरपलीकडच्या एका टेकडीबद्दल सांगावं लागतं. पण कायद्यानं तो परमुलूखच होता. आमच्याकडे इंग्रजांचा अंमल, तिकडे संस्थानचा. मुंबईहून आगबोटीनं निघायचं, आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राहिली की होडीत उतरायचं, होडी थांबली की गुडघाभर चिखलात उतरायचं, आणि चिखल संपला की जकातनाका. नाक्यावरच्या कारकुनानं माझी ट्रंक उघडली. आत धोतरं, साबणाच्या वड्या, क्विनीनची बाटली, पाट्या आणि खडूंची पेटी. खडू विकायला आणलेत का, असं त्यानं विचारलं. फुकट वाटायला, असं मी अभिमानानं सांगितलं. त्यावर त्यानं ट्रंक पुन्हा पहिल्यापासून तपासली. फुकट वाटायला कोणी समुद्रावरून येतं यावर विश्वास ठेवण्याइतका तो भोळा नव्हता.

मला पाठवलं होतं पुण्याच्या एका मंडळानं. मागासलेल्या भागांत शिकलेले तरुण पाठवणं हे मंडळाचं काम. भाग मागासलेला आहे की नाही हे नकाशावरून ठरत असे. रेल्वेपासून जितका लांब, तितका मागासलेला. निघण्यापूर्वी आम्हा नव्या स्वयंसेवकांची आठवडाभर तयारी करून घेण्यात आली. किनाऱ्यावरच्या जीवनावर ज्यांनी व्याख्यान दिलं ते गृहस्थ समुद्राला आयुष्यात एकदाच भेटले होते, चौपाटीवर, आणि तेही भेळ खाताना. शेवटी कार्यवाहांनी नियम वाचून दाखवले. ज्यांची सेवा करायची त्यांच्यातच राहावं. आणि त्यांच्याकडून कोणतीही वस्तू स्वीकारू नये. "नारळसुद्धा नाही," असं ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले. मी नारळासारखा दिसत होतो की नारळ घेणाऱ्यासारखा, ते कळलं नाही.

खरं सांगायचं तर तो नियम मला फार आवडला. कारण तोवरचं माझं सगळं आयुष्य घेण्यात गेलं होतं. वडील घाटावरच्या एका लहान गावात वाण्याच्या दुकानी पुड्या बांधत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी इंग्रजी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी. ए. झालो तो वार लावून. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे वार मी जेवलो. सोमवारच्या घरी आमटीपेक्षा उपदेश दाट असे. गुरुवारच्या घरचे यजमान पाहुण्यांना माझी ओळख 'आमच्याकडे जेवणारा मुलगा' अशी करून देत. माझ्या नावाची गरज त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. शनिवारच्या काकू "लाजू नकोस हो, पोटभर जेव," म्हणत आणि पोळीचा डबा उचलून आत नेत. पास झालो तेव्हा सातही घरी पेढे घेऊन गेलो आणि सात ठिकाणी वाकून नमस्कार केला. या लोकांना मी हसतो आहे असं कोणी समजू नये. त्यांनी घातलं नसतं तर मी आज पुड्याच बांधत असतो, आणि त्याही वडिलांइतक्या नीट नाही. पण सातव्या नमस्काराला पाठ दुखली होती, आणि मी मनाशी ठरवलं होतं की आता पुरे. यापुढे द्यायचं. घ्यायचं काही नाही. मंडळाचा नियम कार्यवाहांनी जणू माझ्यासाठीच केला होता.

वस्ती कोळ्यांची. मला खोली मिळाली ती जाळी ठेवायची. अर्ध्या खोलीत मी आणि अर्ध्या खोलीत जाळी, आणि जाळ्यांनी ती जागा आधीपासून धरलेली असल्यामुळे पाहुणा मीच होतो. पहिल्या आठवड्यात मला वास येत असे. दुसऱ्या आठवड्यात वास यायचा थांबला. तिसऱ्या आठवड्यात मी दिवेआगरला गेलो तेव्हा लोक माझ्यापासून लांब सरकून बसले.

हळूहळू मी रुळलो, म्हणजे एकेक गोष्ट सोडून देत गेलो. काड्यापेटी सादळायची, म्हणून विस्तव शेजारून आणायला शिकलो. (विस्तव ही वस्तू आहे का, यावर मी बराच विचार केला आणि नाही असं ठरवलं.) मीठ भांड्यात ठेवलं की सकाळी त्याचं पाणी. ज्वारीची भाकरी स्वप्नात दिसायची. शाळेच्या वेळापत्रकाची एक सुंदर तक्ती मी पुण्याहून करून आणली होती, ती भिंतीला लावली. पण मुलं घड्याळावर येत नसत, भरती-ओहोटीवर येत. ओहोटी लागली की सगळा वर्ग शिंपल्या वेचायला. मग शाळा रोज पुढे पुढे सरकायची आणि तक्ती आपली जागच्या जागी सुंदर. समुद्रकिनारा शौचासाठी वापरू नये यावर मी एक व्याख्यान दिलं. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि मग कुठं जायचं ते विचारलं. मंडळाच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे मी स्वतः खड्डा खणून दाखवला. संध्याकाळी भरती आली आणि खड्ड्यात खेकडे राहायला आले.

मासे सुकत घालणाऱ्या बायका माझ्या दारासमोरच बसत. माझ्या स्वयंपाकावर त्यांचं बारीक लक्ष. "मास्तर, डालीला फोडनी दिलीस का रे?" एकजण विचारी. "सुकटीला शिंका आल्या आमच्या." बाकीच्या हसत. मला राग येई आणि बरंही वाटे. वाराच्या घरी माझी थट्टा कोणी केली नव्हती. तिथं सगळे माझ्याशी फार चांगले वागत.

माझी खोली होती नाखवीणबाईची. नवरा होडीचा मालक, म्हणजे नाखवा. तो काही वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो परत आला नाही. होडी परत आली. तेव्हापासून बाई एकटीनं ती होडी चालवत होती. होडी हाकायला म्हातारा तांडेल आणि त्याच्या हाताखाली खलाशी. त्यांना दुसऱ्या नाखव्याकडे जायचं असतं तर वस्तीत दुसऱ्या होड्या होत्या. ते बाईकडे राहिले ते तांडेलाच्या शब्दाखातर. एवढी गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात कळली होती. तिचा अर्थ कळायला वेळ लागला.

एका सकाळी बाईची होडी परत आली तेव्हा मी किनाऱ्यावर दात घासत उभा होतो. होडी वाळूवर ओढून घ्यायची तर खाली ओंडके सरकवत आणि दोरी धरून सगळे एका सुरात जोर लावतात. त्या दिवशी माणसं कमी होती. मला सेवेची संधी दिसली. मी धोतर खोचलं, दोरीला हात घातला आणि ओढलं. तळहात सोलून निघाले. होडी वर आली. घाम पुसत मी उभा होतो, आपण आता यांच्यातलेच झालो असं मनाशी म्हणत, तेवढ्यात तांडेलानं वाटे मांडायला सुरुवात केली. वाळूवर पानं ठेवून प्रत्येकावर मासळी. सगळ्यात शेवटी एका पानावर त्यानं एक पापलेट आणि थोडे बोंबील ठेवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी दोन पावलं मागं सरकलो. मग मी बोललो. मला त्या भाषणाचा शब्दन् शब्द आठवतो, पण ते मी इथं देणार नाही. कागद महाग झाला आहे. शेवटचं वाक्य असं होतं: "मी इथं द्यायला आलो आहे, घ्यायला नाही." बायकासुद्धा हसल्या नाहीत. आपल्या त्यागानं लोक भारावून गेले आहेत असं समजून मी खोलीवर आलो आणि ही हकीकत सविस्तर लिहून कार्यवाहांना पाठवली. वाळूवरचं ते पान तसंच राहिलं. दुपारच्या भरतीनं ते नेलं.

दुसऱ्या दिवशी बाईची होडी वाळूवरच होती. मला वाटलं, सण असेल. तिसऱ्या दिवशीही होती. बाकीच्या होड्या गेल्या आणि आल्या. मुलं शाळेत यायची थांबली, ओहोटी नसतानाही. दारासमोरच्या बायकांनी आपली सुकट उचलून पलीकडच्या घरापुढे नेली. डाळीला मी मुद्दाम सढळ हातानं फोडणी दिली. कोणी शिंकलं नाही. विस्तव आणायला शेजारी गेलो तर चूल विझली आहे असं मला सांगण्यात आलं. चुलीवर भात शिजत होता.

तेव्हा तांडेल आला. आत आला नाही, दारातच उकिडवा बसला आणि समुद्राकडे बघत मला समजावून सांगितलं. दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. तो त्यानं उचलायचा. वाटा वाळूवर टाकून माणूस निघून गेला तर त्या होडीच्या अंगावर कोणाचं तरी देणं राहिलं, आणि अंगावर राहिलेलं घेऊन समुद्रात जायचं नाही. गेलं की समुद्र ते वसूल करतो. खलाशी होडीत पाय ठेवायला तयार नाहीत. तो स्वतः त्यांना किती दिवस धरून ठेवील ते सांगता येत नाही. हंगाम चालू आहे, त्यांनाही पोरंबाळं आहेत. एकदा ते दुसऱ्या होडीवर गेले की बाईला होडी विकावी लागेल. हे सगळं तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. मला दोष दिला नाही. उठताना एवढंच म्हणाला, "आमीच चुकलो, मास्तर. दोरी धरलीस तवाच तुला सांगाया पायजे व्हतं."

मी शिकलेला माणूस, त्यामुळे लगेच बाईकडे न जाता टेकडी ओलांडून दिवेआगरला सल्ला घ्यायला गेलो. तिथं सुपारीची मोठी वाडी असलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे झाले होते. आल्या दिवसापासून ते मला दर रविवारी जेवायला येत जा म्हणून आग्रह करत होते, आणि रविवार हा शब्द ऐकला की मला घाम फुटत असे. त्यांनी माझी गोष्ट ऐकली आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत ते म्हणाले की माशाला हात लागला तर हात धुता येतो. पण तुम्हाला इतका मोठा धर्मसंकटाचा प्रसंग मिळाला असेल तर तो असा वाया घालवू नये. मग ते गंभीर झाले. म्हणाले, मंडळाला लिहा, इथली हवा मानवत नाही. हवेचं कारण आजवर कोणी खोटं ठरवलेलं नाही. तुम्ही गेलात की लोक विसरतील, आणि दुसरा मास्तर येईल तो अधिक आळशी असेल, दोरीला हात लावणार नाही.

सल्ला उत्तम होता. टेकडी चढताना मी ते पत्र मनातल्या मनात जुळवलंसुद्धा. माथ्यावर आलो आणि खाली वस्ती दिसली. बाईची होडी वाळूवर कलंडलेली. तिचे खलाशी पलीकडच्या टोकाला दुसऱ्या एका नाखव्याच्या होडीभोवती बसले होते. जाळं दुरुस्त करायला हात लावत होते. अजून होडीत बसले नव्हते, नुसतेच सावलीला बसले होते. मी ते पत्र तिथंच सोडलं आणि सरळ बाईच्या दारात गेलो.

ती दारात बसून कोयता घासत होती. मला वाटतं मी माफी मागण्यासारखं काहीतरी बोललो, आणि पुढे हेही सांगितलं की मासा खाणं माझ्या जन्मात नाही, आणि मंडळाचा नियमही आहे.

"तू डालभात खातोस ते सगल्या वस्तीला ठावं हाय," ती म्हणाली. "तुला खा म्हनून कोन बोलला? दोरीला हात का लावलास ते सांग."

"मदत म्हणून लावला, मावशी."

"मदत." तिनं कोयता खाली ठेवला. "दोरी वडली की वाटा. मदत कसली त्यात? माजी होडी मी फुकट वडून घेतली व्हय? सगल्या वस्तीसमोर मला भिकारीन करून गेलास, मास्तर."

सात घरांत बसून जे मी वर्षानुवर्षं गिळलं होतं ते या बाईच्या पानात मी एका सकाळी वाढलं होतं, आणि वर भाषण केलं होतं. शनिवारच्या काकू निदान डबा आत नेताना भाषण करत नसत.

मग काय करायचं, असं मी विचारलं. तो वाटा तर समुद्रानं नेला होता. दुसरा द्यायचा तर होडी जायला हवी, आणि खलाशी होडीत बसत नव्हते. माझ्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी इथं डोकं धरलं असतं. बाईनं धरलं नाही. तिनं हे आधीच सोडवून ठेवलेलं असावं आणि मी येण्याची ती वाट बघत असावी.

"ज्याचा वाटा र्‍हायला तोच होडीत बसला," ती म्हणाली, "तर मंग किनाऱ्यावर कोनाचं काय र्‍हायलं?"

तिनं तांडेलाला हाक मारली. तांडेलानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हे वजन जास्त होणार नाही असं म्हणाला. खलाशांना तो पटवायला गेला. त्यांचं म्हणणं काय पडलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते होडीजवळ आले, आणि माझ्याशी न बोलता मला काखेत हात घालून आत बसवलं, जसं गणपती बसवतात तसं.

तर माझं खरं समुद्रगमन असं झालं. आगबोटीचा प्रवास मी त्यात धरत नाही; तिथं बाकडी होती. शास्त्रात समुद्र ओलांडायला बंदी का घातली आहे हे मला किनारा दिसेनासा व्हायच्या आत कळलं. पोटात जे होतं ते मी समुद्राला दिलं; त्या दिवशी मी खरोखरच द्यायला आलो होतो. एका खलाशानं माझ्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक डोलकाठीला अडकवलं, म्हणजे वाटा हरवायला नको. जाळं ओढताना मला बाजूला सरकवलं, मग दुसऱ्या बाजूला सरकवलं, मग सुकी जागा उरली नाही तेव्हा तसंच ठेवलं. मासळी बेताची मिळाली. परतीच्या वाटेवर एकानं मला विचारलं, पुस्तकात समुद्र असतो का. असतो, मी म्हणालो. "हालतो का?" त्यानं विचारलं, आणि होडीतले सगळे हसले. तेव्हा मला कळलं की माझं काम होणार.

किनाऱ्यावर सगळी वस्ती जमली होती. होडीतून मी उतरलो म्हणण्यापेक्षा गळालो. तरी दोरी धरली आणि ओढली. तांडेलानं वाटे मांडले. माझं पान शेवटचं. त्यावर पापलेट नव्हतं. मांदेली आणि दोन-तीन बोंबील. मी खाली वाकलो, ते पान दोन्ही हातांनी उचललं आणि सवयीप्रमाणे कोणाला नमस्कार करायचा ते शोधू लागलो. कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. खलाशी आपापले वाटे टोपलीत भरत होते. तांडेल वल्ही उतरवत होता. मी पान घेऊन बाईजवळ गेलो आणि आता याचं काय करायचं, असं हळूच विचारलं.

"तुजा वाटा, तूच बघ. खा, वीक, मांजराला घाल," ती म्हणाली. "आमाला काय त्याचं?"

मी आदली रात्रभर प्रायश्चित्ताचा विचार केला होता. जातीतून बाहेर पडलो तर वडिलांना काय कळवायचं, याचा मजकूरही तयार होता. कोणालाही त्याची गरज नव्हती. जाळ्यांच्या खोलीत उंदरांसाठी ठेवलेलं एक मांजर होतं. त्या संध्याकाळी ते फार समाधानानं जेवलं. सकाळी बाईची होडी पुन्हा गेली, मला न घेता, आणि दारासमोर सुकट परत आली.

महिन्याभरानं मंडळाचा वार्षिक अहवाल आला. त्यात माझं पहिलं पत्र छापलं होतं, भाषणासकट, 'अनुकरणीय' असा मथळा देऊन. मी तातडीनं पुढची हकीकत लिहून पाठवली. कार्यवाहांचं उत्तर आलं की मजकूर उद्बोधक आहे, परंतु अहवाल छापून झाला आहे. पुढे कित्येक वर्षं नव्या स्वयंसेवकांना निघण्यापूर्वी माझं ते भाषण वाचून दाखवत असत असं मी ऐकतो. ते कोणकोणत्या किनाऱ्यांवर जाऊन काय काय नाकारून आले असतील, कोण जाणे.

मी मात्र दोरीला जात राहिलो, आणि वाटा घेत राहिलो. मांजर जाड झालं. उरलेली मासळी मी शेजारी देऊन त्या बदल्यात तांदूळ घेऊ लागलो, आणि विस्तवाबद्दल विचार करणं सोडून दिलं. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून शाकारायच्या आधी, अगदी शेवटच्या शेवटच्या दिवसांत, एकदा माझ्या पानाकडे पाहून मला थांबावंसं वाटलं.

"तांडेल, वाटा कमी आहे," मी म्हणालो.

"वडलंस किती?" तो मान वर न करता म्हणाला. "निम्मा वेळ धोतर सावरत व्हतास."

"धोतर एका हातानं सावरलं. दुसरा हात दोरीवरच होता."

"मंग एका हाताचा वाटा दिलाय."

बायका हसू लागल्या. एक म्हणाली, मास्तराच्या मांजराला आता पापलेटाशिवाय गिळत नाही. मी हटलो नाही. पाय रोवून उभा राहिलो आणि आज ओंडकासुद्धा मीच सरकवला होता हे चढ्या आवाजात सांगितलं. नाखवीणबाईनं टोपलीतून एक बोंबील उचलला, माझ्या पानावर टाकला आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मी पान घेतलं आणि चालू लागलो. आभार मानायचे राहून गेले, हे खोलीच्या दारात आल्यावर लक्षात आलं. परत गेलो नाही.